बंदी भोगून आलेला बदनाम खेळाडू आपल्या संघाने घेतला, तर चाहत्याने संघ सोडावा का?

फसवणुकीबद्दल बंदी भोगलेल्या खेळाडूला तुमच्या आवडत्या संघाने करारबद्ध केल्यापासून तुम्हाला सामने पाहवत नाहीत, म्हणून संघ सोडावा की मन घट्ट करावे, असे तुम्ही विचारले आहे. संघ सोडू नका, एवढेच माझे उत्तर आहे. मात्र संघाने त्या खेळाडूला नेमके काय दिले, हे आधी पाहा. नुसती संघात जागा दिली असेल, तर शिक्षा भोगून आलेल्या माणसाबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. मानाचे पद दिले असेल, तर तुमचा संताप रास्त आहे आणि तो गिळण्याचे काहीही कारण नाही.

मी डोंबिवलीत राहतो आणि आयपीएलमधल्या राजस्थान रॉयल्सचा चाहता आहे. मुंबईच्या दाराशी राहून राजस्थानचा झेंडा कशाला, असे विचारणाऱ्यांना अजिंक्य रहाणे डोंबिवलीत क्रिकेट शिकला, हे बहुधा ठाऊक नसते. ज्या संघात राहुल द्रविड आणि अजिंक्य सलामीला उतरत आणि वयाच्या 41 व्या वर्षी पदार्पण केलेल्या प्रवीण तांबेने 2014 मध्ये कोलकात्याविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली, तो संघ आपला वाटणे साहजिकच होते. 2013 मध्ये याच संघाच्या तीन खेळाडूंना स्पॉट फिक्सिंगच्या, म्हणजे पैसे घेऊन सामन्यातला ठरावीक भाग मुद्दाम खराब खेळण्याच्या, आरोपाखाली अटक झाली आणि पुढे संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाला, तेही आम्ही सोसले. दुधाने इतके पोळल्यावर 2018 मध्ये परतलेला संघ ताकही फुंकून पिईल, अशी माझी अपेक्षा होती.

परंतु त्या हंगामासाठी कर्णधार नेमलेला, ऑस्ट्रेलियाचा तेव्हाचा कर्णधार स्टीव्ह स्मिथ स्पर्धेच्या तोंडावरच केपटाउन कसोटीतील चेंडू कुरतडण्याच्या प्रकरणात सापडला. त्याच्या संघातल्या कॅमेरन बँक्रॉफ्टने चेंडू घासायचा पिवळा सँडपेपर पँटमध्ये दडवल्याचे साऱ्या जगाने पडद्यावर पाहिले, आणि आपल्याला या बेताची कल्पना होती, हे स्मिथने त्याच संध्याकाळी पत्रकारांपुढे कबूल केले. क्रिकेट ऑस्ट्रेलियाने, म्हणजे तिथल्या क्रिकेट मंडळाने, स्मिथवर बारा महिन्यांची बंदी घातली, आयपीएलचे दारही त्या वर्षापुरते बंद झाले, आणि रॉयल्सची धुरा अजिंक्यकडे आली. त्याने संघाला प्लेऑफपर्यंत नेले. पुढच्या वर्षी बंदी संपवून स्मिथ परतला आणि अजिंक्यच्या हाताखाली खेळू लागला, इथपर्यंत माझी काहीच तक्रार नव्हती. मात्र पहिल्या आठ सामन्यांत दोनच विजय मिळाले, आणि 20 एप्रिल 2019 रोजी मुंबईविरुद्धच्या सामन्याआधी संघाने अजिंक्यला बाजूला सारून कर्णधारपद स्मिथला देऊन टाकले.

तो शनिवार होता आणि सामना दुपारी चारचा. माझा मेहुणा मुंबई इंडियन्सचा कट्टर समर्थक असल्यामुळे सामना एकत्र पाहण्याचे आधीच ठरले होते. नाणेफेकीसाठी स्मिथ चालत आला, तेव्हा हातातला पन्ह्याचा पेला खाली ठेवत मेहुणा म्हणाला, “भावोजी, शिक्षा झाली, ती त्याने भोगली, आता हा निव्वळ धंदा आहे, धावा कोण करून देतो तेवढेच बघायचे.” तो एका कंपनीच्या विक्री विभागात आहे आणि जगातला प्रत्येक प्रश्न महिन्याच्या टार्गेटवर आणून सोडवतो. सामना आम्ही जिंकलो, स्मिथने नाबाद 59 धावा केल्या. हरलेल्या संघाचा मेहुणा खुशीत होता आणि जिंकलेल्या संघाचा मी तोंड पाडून बसलो होतो; “तुमचा नवा कर्णधार पावला की हो,” हे वाक्य त्याने जेवणाच्या ताटावरही सोडले नाही.

त्या दिवशी मला नेमके उत्तर सुचले नाही, ते येथे लिहितो. शिक्षा भोगून झाली, हेच मुळात खरे नव्हते. क्रिकेट ऑस्ट्रेलियाच्या निर्णयाचे दोन भाग होते: बारा महिने खेळबंदी, आणि ती संपल्यावर किमान आणखी बारा महिने नेतृत्वाच्या कोणत्याही पदासाठी विचार न करणे. म्हणजे ज्याला मार्च 2020 पर्यंत स्वतःच्या देशाचे मंडळ नेतृत्व देण्यास तयार नव्हते, त्याला आमच्या संघाने एप्रिल 2019 मध्येच कर्णधार केले. मंडळाचा तो नियम आयपीएलला बांधील नव्हता, हे मला समजते. पण ज्याचा गुन्हाच कर्णधार म्हणून घडला, त्याला तेच पद परत देताना निदान लाज तरी वाटायला हवी होती. त्याच वर्षी विश्वचषकात लंडनच्या ओव्हल मैदानावर विराट कोहलीने स्मिथची हुर्यो उडवणाऱ्या भारतीय प्रेक्षकांना आवरले, याचा दाखला मेहुण्याने मला पुढे वारंवार दिला. कोहलीने केले ते योग्यच होते, कारण मैदानावर आलेल्या खेळाडूची हुर्यो उडवू नये. त्याचा अर्थ त्या खेळाडूच्या हाती संघ सोपवावा असा होत नाही.

पद गेल्यानंतर दोनच दिवसांनी अजिंक्यने दिल्लीविरुद्ध नाबाद 105 धावा केल्या, तरीही आम्ही हरलो. विश्वचषकाच्या तयारीसाठी स्मिथ मायदेशी परतल्यावर शेवटच्या सामन्यापुरते कर्णधारपद पुन्हा अजिंक्यकडे आले, जणू काही तो सुट्टीवर गेलेल्या साहेबांची खुर्ची सांभाळणारा कारकून होता. पुढच्या हंगामाआधी तो दिल्लीकडे गेला.

2019 च्या हंगामात स्मिथच्या नेतृत्वाखाली पाच सामन्यांत तीन विजय मिळाले, हे मान्य करायला हवे, आणि त्याच्या फलंदाजीबद्दल तर वादच नाही. त्याच वर्षी इंग्लंडविरुद्धच्या ॲशेस मालिकेच्या चार कसोटींत त्याने 774 धावा काढल्या. शिवाय मी येथे खेळातल्या लबाडीबद्दल बोलत आहे. तुमच्या खेळाडूने कुणाला मारहाण केली असेल किंवा एखाद्या स्त्रीवर अत्याचार केला असेल, तर वर सांगितलेला जागेचा आणि पदाचा फरक मी करणार नाही. मग जागाही नको.

तुम्ही जर्सी घालायची की नाही, तिकिटावर पैसे खर्चायचे की नाही, हे तुमचे तुम्ही ठरवा. मी अजिंक्य गेल्यावरही सामने पाहिले, नवी जर्सी मात्र घेतली नाही. तुमच्या ओळखीत कुणी निकालाचा हिशेब मांडणारा असेलच, तर त्याला पूर्ण हिशेब मांडायला लावा. 2020 मध्ये स्मिथच संपूर्ण हंगाम कर्णधार होता, संघ आठपैकी आठव्या स्थानावर राहिला आणि जानेवारी 2021 मध्ये त्याच मालकांनी त्याला सोडून दिले. हे मी मेहुण्याला फोन करून सांगितले, तेव्हा त्याने ऐकून घेतले आणि लगेच मुंबईच्या पाचव्या विजेतेपदाबद्दल बोलायला सुरुवात केली.