पाय गेलेला जर्बिल आणि ‘माझंच चुकलं’ ही टोचणी

“पाय काढायला मीच होकार दिला. आता तो नुसता कोपऱ्यात बसून असतो. त्यापेक्षा शांतपणे जाऊ दिलं असतं तर बरं झालं असतं का?”

कॉलेजात शिकणारी ही मुलगी शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी माझ्याशी बोलायला आली. तिचे दोन जर्बिल, म्हणजे उंदरासारखे छोटे पाळीव प्राणी, सख्खे भाऊ. एकाचा मागचा डावा पाय पिंजऱ्यातल्या पळायच्या तारेच्या चाकात अडकून मोडला, हाड बाहेर आलं. डॉक्टरांनी पाय मांडीतून वरच काढला. अर्धवट ठेवला की उरलेलं टोक जमिनीवर घासतं आणि जखम भरत नाही.

अपराधीपणावर नुसतं बोलत बसून तो हलत नाही, म्हणून आधी ‘नुसता बसतो’ म्हणजे नेमकं काय ते विचारलं. पाठ कुबडलेली, डोळे अर्धे मिटलेले, केस पिंजारलेले. हे रुसणं नव्हे, दुखणं आहे. खोदून विचारल्यावर कळलं, औषध देताना तो धडपडतो म्हणून तिसऱ्या दिवशीच तिने वेदनाशामक थांबवलं होतं. दया आली म्हणून. डॉक्टरांना फोन करून ते त्याच दिवशी पुन्हा सुरू झालं. एवढ्याशा जिवाची मात्रा थेंबात मोजतात. घरातली माणसांची गोळी त्याला कधीही देऊ नये.

वजन आधी 82 ग्रॅम होतं, आता 75. दहा टक्के घट म्हणजे आठ ग्रॅम, म्हणून सीमा 74 ठरवली. त्याखाली गेलं, खाणं बंद झालं किंवा लेंड्या दिसेनाशा झाल्या, तर त्याच दिवशी दवाखाना. रोज ठरल्या वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाटीत बसवून वजन घ्यायचं आणि वहीत लिहायचं. ‘कसा दिसतो’ यापेक्षा ही वही खरं सांगते.

दुसरी चूकही मायेपोटीच झालेली: तासन्‌तास मांडीवर घेणं. जर्बिल मुळात शिकार होणारा प्राणी, धरून ठेवलं की घाबरतो. काहींना ताणाने झटकेही येतात. म्हणून दिवसातून दोनदा पाच मिनिटं, तेही ओंजळीत किंवा पुठ्ठ्याच्या नळीत. शेपटीला धरून उचलायचं नाही, कातडी सोलून हातात येते.

टाके निघेपर्यंत पेटी सपाट हवी: चाक नाही, माळा नाही, वाळू नाही, भुसा नाही. फक्त टिश्यूच्या पट्ट्या, कारण कण जखमेला चिकटतात. एरवी तो मागच्या पायांवर उभा राहून पाणी पितो, म्हणून बाटलीची नळी खाली आणली. दाणे जमिनीवरच पसरले. ऊब पेटीच्या अर्ध्याच भागाखाली, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला सरकता येतं. कुरतडायला पुठ्ठा भरपूर, नाहीतर दात टाक्यांकडे वळतात. पू, वास, रक्त किंवा उघडलेला टाका दिसला तर थांबायचं नाही.

तिला सर्वांत जास्त लागलं होतं ते वेगळंच. डावा कान खाजला की तो मान तिरकी करतो आणि कापलेल्या जागचा स्नायू हवेतच थरथरतो, जणू पाय अजून आहे. हे बघवत नाही, खरंच. पण त्यावर काम आहे. ती बाजू आता त्याला नीट साफ करता येत नाही, म्हणून तिकडच्या डोळ्याभोवती लालसर खपली धरते. बहुतेकदा ते रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीचा स्राव असतो. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने तो टिपायचा. हे आयुष्यभराचं काम.

भावाला तिने पाच दिवस वेगळं ठेवलं होतं. जर्बिल एकमेकांना वासाने ओळखतात. एवढ्या दिवसांनी थेट एकत्र सोडलं तर भाऊसुद्धा जीवघेणे भांडतात. जखम भरल्यावर बारीक जाळीचा पडदा लावून शेजारी ठेवायचे, दिवसातून दोन-तीनदा बाजू बदलायच्या, निदान आठवडाभर. मग मोकळ्या जागेत, जाड हातमोजे घालून, नजरेसमोर. गोळा होऊन लोळायला लागले तर लगेच सोडवायचे.

“पण चाक तर मीच आणलं होतं.” हो, आणि तारेचं चाक घरातून काढलंसही तूच. पुढचं चाक सलग पृष्ठभागाचं, तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. तोवर उरलेल्या मागच्या पायाची टाच आठवड्यातून एकदा बघायची, सगळा भार आता तिच्यावर आहे. वजन वाढू नये म्हणून सूर्यफुलाच्या बिया दिवसाला दोन.

सव्विसाव्या दिवशी जाळी निघाली. वजन 80. भावाने आधी सगळं अंग हुंगलं आणि मग त्याचा डावा कान चाटून साफ केला. कापूस मात्र तिने ठेवायचाच आहे.