पुण्यात नो एंट्रीच्या पाट्या रात्री दिसत का नाहीत? आणि त्या बदलायच्या कुणी?

तुम्ही लिहिलंय की पाट्या फिक्या पडल्यात म्हणून रात्री दिसत नाहीत. फिकं पडणं वेगळं आणि रात्री न चमकणं वेगळं. याच मुद्द्यावरून मी भोसरीतली नोकरी सोडली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

सहा वर्षं एका वर्कशॉपमध्ये पाट्या बनवल्या. पत्र्यावर रेडियम चिकटवायचं, म्हणजे खरं तर रिफ्लेक्टिव्ह शीट, आत काचेचे बारीक मणी नाहीतर प्रिझम असतात ते गाडीचा उजेड गाडीकडेच परत फेकतात. उन्हात लाल शाई आधी मरते म्हणून नो एंट्री गुलाबी होते. एकदा पेठेतल्या दहा-बारा पाट्या दुरुस्तीला आल्या, मालक म्हणाले नवी शीट कशाला, ऑइलपेंटचे दोन हात मार, लालभडक होईल. म्हटलं मालक, पेंटखाली मणी झाकले जातील, रात्री काही दिसणार नाही. तर म्हणे, "दिवसा दिसतीये ना?"

मारला पेंट, मीच मारला. पंधरा दिवसांनी रात्री साडेअकराला मुद्दाम गेलो, बाजीराव रोडच्या आतल्या गल्लीच्या तोंडाशी हेडलाइट टाकला, शेजारच्या रिक्षाची मागची पट्टी लखलखतीये आणि माझी पाटी काळी ठिक्कर. मी उभा असतानाच एक ताई मुलाला पुढे उभं करून उलट्या शिरल्या, समोरून टेम्पो. ब्रेक लागला म्हणून वाचले दोघं. दुसऱ्या दिवशी मालकांशी भांडलो आणि सोडलं काम.

पाटी बदलायचं काम महापालिकेच्या पथ विभागाचं, वन-वे कुठे करायचा हे ट्रॅफिक पोलीस ठरवतात. तक्रार पीएमसी केअरवर, म्हणजे महापालिकेच्या तक्रारींच्या अ‍ॅपवर टाका, पण फोटो रात्री लांबून फ्लॅश मारून काढा. शीट जिवंत असेल तर पांढरी लख्ख येते, मेलेली असेल तर येत नाही. मालकांनी एकदा जरी असा फोटो काढला असता तर माझ्याशी वाद घातला नसता. प्रिझमवाल्या भारी शीटला दहा वर्षांची वॉरंटी मिळते, तिच्यावर पेंट मारणं म्हणजे माझ्या लेखी सरळ पाप आहे.

हां, प्रत्येक पाटी पेंटनेच मेलेली नसते. बऱ्याच फांदीमागे असतात नाहीतर वाढदिवसाच्या पोस्टरखाली. ते पोस्टर चाकूने खरवडू नका, थिनर तर अजिबात नको, शीट जाते. साबणाच्या पाण्यात भिजवून हळूच सोडवा.