बिल्डरची वर्क ऑर्डर आली आहे. बिलाचे पैसे ६० दिवसांनी, १०% रिटेन्शन म्हणजे प्रत्येक बिलातून राखून ठेवलेली रक्कम. सही करावी का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याच्या वेशीवर पार्किंग अधिक सात मजल्यांचं आरसीसी काम आहे. स्टील-सिमेंट बिल्डरचं, सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा आणि त्याचे टेकू) आणि माणसं तुमची. दर बरा आहे, म्हणून मन होतंय.

या अटींवर नका करू. मी याच धंद्यात आहे. दरासाठी घासाघीस करून बाकीच्या पानांवर डोळे मिटून सही करण्याची हौस एकदा फेडून घेतली आहे.

आधी एक हिशेब मांडा. स्लॅबमागे तुमचं बिल ६ लाख आणि दर पंधरा दिवसांनी एक स्लॅब धरू. पहिला पंधराव्या दिवशी टाकला, मापं घेऊन बिल सर्टिफाय, म्हणजे बिल्डरच्या इंजिनिअरकडून मंजूर व्हायला दहा दिवस, वर ते ६० दिवस. पहिला रुपया ८५व्या दिवशी. तोवर पाच स्लॅब टाकून झालेत आणि ३० लाखांचं काम तुम्ही उधारीवर केलंय. माणसांची खर्ची, म्हणजे मजुरीतली उचल, मात्र दर आठवड्याला रोख. बिल फाडलं की त्यावरचा १८% जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत. शिवाय ‘सर्टिफाय’ किती दिवसांत करायचं हे ऑर्डरमध्ये बहुतेक नसतंच. इंजिनिअर सुट्टीवर गेला की ८५ चे १२० होतात.

म्हणून दर फुटामागे पाच रुपये कमी झाला तरी चालेल, पण साइटवर एका वेळी आपले किती पैसे अडकू द्यायचे तो आकडा आपण ठरवायचा.

माझं कसं झालं ते सांगतो. नोव्हेंबर २०१६, चौथा स्लॅब नुकताच झाला होता. नोटाबंदी आली, बुकिंग थंडावलं. बिल्डर म्हणाले, “काम थांबवू नका भाऊ, गिऱ्हाइकाला साइट चालू दिसली पाहिजे.” थांबलो तर दिवसाला दंड होता आणि बिल थकलं तर थांबायचा हक्क कागदावर कुठेच नव्हता. सातव्या स्लॅबपर्यंत साडेअकरा लाख अडकले. मग ‘अ‍ॅडजस्टमेंट’मध्ये एक वन बीएचके देऊ केला. मी खूश. नोंदणीची वेळ आली तेव्हा कळलं, तो फ्लॅट आधीच कर्जापोटी गहाण होता. हिशेबाला बसलो तर तीन स्लॅबच्या मापांवर त्यांच्या इंजिनिअरची सहीच नव्हती. ती रोजच्या चहापाण्यात राहून गेली होती.

तेव्हापासून माझी पहिली मागणी दराची नसते. दोन आरए बिलं (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेली बिलं) थकली तर पुढचा स्लॅब भरणार नाही, तेवढी कामाची मुदत वाढेल आणि अडकलेल्या सेंटरिंगच्या प्लेटा-प्रॉपचं भाडं लागेल, हे आधी लिहून घेतो. मापं दोघांनी मिळून सात दिवसांत, नाहीतर बिलाच्या ७५% रक्कम लगेच आणि उरलेलं तपासणीनंतर. रिटेन्शन ५%. त्यातलं निम्मं शेवटचा स्लॅब झाल्यावर, बाकी ठरलेल्या तारखेला. ‘भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर’ असं लिहिलं असेल तर खोडायला लावा. ते आणणं बिल्डरचं काम, त्यासाठी आपले पैसे का अडकावेत?

स्टीलची वजनकाट्याची पावती दर गाडीला स्वतःकडे ठेवा, वेस्टेजची डेबिट नोट, म्हणजे वाया गेलेल्या मालाची कपात, शेवटच्या बिलात हमखास येते. आणि साहेबांनी तोंडी सांगितलेलं जादा काम त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाका: “आज तुमच्या सांगण्यावरून लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी उपसलं, पंप सहा तास, माणसं चार.”

उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) नसेल तर सहीच्या आधी करा, फुकट आहे. लघुउद्योगांच्या एमएसएमई कायद्यानुसार करारातली पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, म्हणजे ६० ची अट तिथेच लंगडी. उशीर झाला तर व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ. पण वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे आपल्यासारखं बांधकामाचं कंत्राट, या कायद्यात बसत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत, त्यामुळे बोलणीत वापरा, भिस्त ठेवू नका. पोस्टडेटेड चेक मिळाला तर घ्या. परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, त्यात कुचराई नको.

आणि बोलणीला जायच्या आधी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, वेबसाइटवर प्रकल्प उघडा. किती फ्लॅट बुक झालेत, कर्जाचा बोजा कुणाचा, मुदत किती वेळा वाढवली, सगळं दिसतं. गिऱ्हाइकांच्या पैशातले ७०% जमीन आणि बांधकामासाठीच वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, पण बुकिंगच नसेल तर त्या खात्यात येणार काय?

बिल्डर ६० चे ३० करेल, रिटेन्शनही खाली आणेल. अडेल तो कामबंदच्या अटीवर. मी त्यावरून दोनदा उठून आलोय. एकदा जिना उतरेपर्यंत फोन आला, एकदा नाही आला.