सिबिलमधल्या पाच इन्क्वायऱ्या

प्रश्न : माझी दारव्हा तालुक्यात चार एकर कोरडवाहू आहे. दिवाळीआधी दुचाकी पाहायला शोरूममध्ये गेलो होतो. तिथल्या पोऱ्याने आधार, पॅन घेतलं आणि फोनवर आलेले तीन-चार ओटीपी विचारून घेतले. हप्ता जास्त वाटला म्हणून गाडी घेतली नाही. आता दोन म्हशींसाठी बँकेत गेलो तर साहेब म्हणतात, "तुमच्या सिबिलमध्ये पाच इन्क्वायऱ्या आहेत, जमत नाही." गावातला एक जण ३००० रुपयांत त्या काढून देतो म्हणतो. देऊ का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : नका देऊ. तेवढ्यात म्हशींची महिन्याभराची ढेप येईल.

मी बँकेत होतो तेव्हा असे कितीतरी जण समोर बसायचे. "साहेब, म्या त फक्त गाडी पाहाले गेलतो!" खोटं नसायचं ते. पण शोरूमचा पोऱ्या एकच अर्ज चार फायनान्सवाल्यांकडे पाठवतो, कोणीतरी एक मंजूर करेल या हिशेबाने. ओटीपी सांगितला की तुमची संमती झाली, आणि प्रत्येकाने तुमचा सिबिल अहवाल, म्हणजे तुमच्या कर्जांचा आणि हप्त्यांचा हिशेब, उघडला की एकेक हार्ड इन्क्वायरी, म्हणजे कर्जासाठी चौकशी झाल्याची नोंद, चढते. गाडी घेतली की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. महिनाभरात चार-पाच दिसल्या की बँकेला वाटतं, हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय.

खरी इन्क्वायरी कोणी पुसून देऊ शकत नाही. दिवस जातील तसा तिचा भार कमी होतो. खोटी मात्र फुकटात निघते. म्हणून आधी तुमची कोणती आणि परकी कोणती, ते वेगळं करा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या असा हिशेब ठेवणाऱ्या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात. स्वतः पाहिल्याने सिबिलचे गुण (स्कोअर) घटतात, ही निव्वळ अफवा आहे.

अहवालात इन्क्वायरीचा भाग वेगळा असतो. त्यात कंपनी, तारीख, कर्जाचा प्रकार आणि रक्कम दिलेली असते. नाव अनोळखी दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, शोरूमच्या टेबलावरच्या पाटीवर एक नाव आणि कागदावर दुसरंच, असंही होतं. तारीख जुळवा. दिवाळीआधीच्या त्या दिवसाच्या असतील तर त्या तुमच्याच. तारीख वेगळी, रक्कम वेगळी, तुम्ही कधी अर्जच केला नाही, अशी एखादी निघाली तर अहवाल देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार टाका आणि कर्ज देणाऱ्या कंपनीलाही लेखी कळवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तिथेही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

त्याच अहवालात कर्जखात्यांचा भागही नीट वाचा. परक्या इन्क्वायरीपाठी तुमच्या नावावर खातंच उघडलेलं असेल तर ते इन्क्वायरीपेक्षा कितीतरी मोठं दुखणं आहे, त्याची पोलिसांतही तक्रार द्या.

आणि मला साहेबांचं उत्तरही पूर्ण पटलेलं नाही. नुसत्या इन्क्वायऱ्यांवर नकार सहसा होत नाही. कधी चुलतभावाच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलात का? त्याचा हप्ता थकला तर तेही तुमच्या अहवालात दिसतं. जुनं पीककर्ज तडजोडीने मिटवलं असेल तर तिथे 'सेटल्ड' असा शेरा राहतो. बँकेकडे नकाराचं कारण लेखी मागा, ते देणं त्यांना बंधनकारक आहे. दुचाकी घेतली नाही, हेही एका साध्या अर्जावर लिहून द्या. तोवर दुसऱ्या बँकेत अर्ज टाकू नका, सहावी चढेल.

शोरूममधल्या त्या दिवशीचे ओटीपीचे मेसेज फोनमध्ये असतील तर पुसू नका. कंपन्यांची नावं त्यातच सापडतील.