रवी शाळेच्या डावीकडे

"मॅडम, याला डिस्लेक्सिया तर नसेल ना?" आई अजून खुर्चीत नीट टेकलीही नव्हती. पिशवीतून तिने चाचणीचा पेपर आणि दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. मुलगा तिसरीत, सेमी-इंग्रजीला. त्याला आपण बंड्या म्हणू.

पेपरात वाक्यं वाचून चित्रं काढायची होती. 'रवी लेफ्ट द स्कूल' या वाक्याखाली बंड्याने झेंड्यासकट शाळा काढली होती आणि शाळेच्या डाव्या बाजूला हात बांधून उभा असलेला रवी. 'द बॅग इज लाइट'खाली दप्तर, त्यातून सूर्यासारखे किरण. दोन्हींवर लाल फुली. मला हसू आवरेना, आईला रडू.

"शब्द सगळे पाठ आहेत हो. झोपेतून उठवून विचारा. लेफ्ट म्हणजे डावा, लाइट म्हणजे उजेड. वाक्यात आलं की भोपळा."

ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते, शब्द तेवढे बदलतात.

आधी आईची शंका तपासली. मराठी गोष्ट बंड्याने सरसर वाचली, वर "या कोल्ह्याला अक्कलच नाही" असा शेराही मारला. इंग्रजी वाचताना अडखळला, पण अक्षरांची उलटापालट नाही, बघून लिहिण्यात गोंधळ नाही. डिस्लेक्सियासारख्या, म्हणजे वाचन-लेखनातल्या, अध्ययन अक्षमतेच्या खुणा वेगळ्या असतात. मराठी वाचनही रखडतं, काना-मात्रा सतत सुटतात, तोंडी उत्तर चोख देणारं मूल लिहायला बसलं की कोसळतं. तसं दिसलं तर वाट बघत बसू नये, तपासणी करून घ्यावी. मुंबईत सायन, नायर अशा पालिकेच्या रुग्णालयांतही ती होते. बंड्याचं यातलं काही नव्हतं.

मग वही उघडली आणि दुखणं सापडलं.

तीन रकाने: शब्द, उच्चार, अर्थ. अर्थाचा रकाना सगळ्यात अरुंद, जेमतेम एक शब्द मावेल एवढा. 'राइट' दोनदा होता, एकदा 'उजवा' आणि एकदा 'लिहिणे'. स्पेलिंग वेगळी, पण बंड्या वाचायचा तो देवनागरीतला उच्चारच, त्यामुळे त्याच्या लेखी दोन्ही एकच. आणि वर्गात बाई रोज म्हणतात तो 'राइट', म्हणजे बरोबर, वहीत कुठेच नाही. आईने खपून केलेली वही होती. तिला काही बोलवेना.

इथे माझीही चूक सांगते. मी त्याला चित्रकार्डं दिली. बॅट: एकीकडे क्रिकेटची, दुसरीकडे वटवाघूळ. वॉच: मनगटी घड्याळ आणि टीव्ही बघणारी मुलगी. असे वीस शब्द. पुढच्या आठवड्यात बंड्या चाळीस अर्थ पाठ करून आला आणि वाक्यात पुन्हा तोच भोपळा. मी फक्त वहीचा रकाना रुंद केला होता.

म्हणून इंग्रजी बाजूला ठेवलं. विचारलं, "बंड्या, लागणे म्हणजे काय रे?"

"लागणे म्हणजे... लागणे."

"भूक लागली. ठेच लागली. पुढे तू सांग."

मग तो सुटलाच. झोप लागली, दिवा लागला, दादाचा नंबर लागला, आजीला आमटी तिखट लागली, बाबांचा फोन लागत नाही. आईनेही बाकावरून दोन घातले. "आता सांग, लागणे म्हणजे काय?" बराच वेळ पंख्याकडे बघून म्हणाला, "शेजारी कोण आहे त्याच्यावर आहे."

याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं. लगेच त्याचा पुढचा प्रश्न: "पण इंग्रजीत शेजारी कसा ओळखायचा?"

प्रश्न रास्त होता. मराठीत प्रत्यय हाताला धरून नेतात, इंग्रजीत जागेवरून ओळखायचं. शब्दाच्या आधी 'अ', 'द', 'माय' असेल तर बहुधा वस्तू: माय वॉच. आधी 'आय', 'वी', 'दे' असेल तर बहुधा काम: वी वॉच. रवीनंतर लगेच लेफ्ट, म्हणजे रवीने काहीतरी केलं. लाइटला मात्र ही युक्ती पुरत नाही. तिथे दप्तराचं काय काय असू शकतं ते आठवायचं. जड असतं, हलकं असतं. उजेड कधी पाडत नाही.

काही शब्द मराठीनेच सोपे केले. 'लीफ' झाडाचं पान आणि पुस्तकाचंही, आपल्यासारखंच. डोंगराचा 'फूट' म्हटल्यावर तो स्वतःच ओरडला, "पायथा! पाय!" क्रिकेटची बॅट आणि वटवाघूळ यांचं मात्र काही नातं नाही, ते दोन मुळात वेगळे शब्द, योगायोगाने सारखे दिसणारे. तेवढे लक्षात ठेवायचे, इलाज नाही.

आईला सांगितलं, अर्थाचा रकाना काढा, तिथे बंड्याच्या घरातलं एक वाक्य लिहा. नवा अर्थ भेटला की नवं वाक्य. आठवड्याला पाच शब्द पुरेत.

दोन महिन्यांनी आईने नव्या पेपराचा फोटो पाठवला. वाक्य होतं 'वी वेंट टू द फेअर'. फेअर म्हणजे जत्रा, हे बंड्याला ठाऊक नव्हतं. वहीत 'फेअर' म्हणजे गोरा. त्याने एक मोठी इमारत काढली होती, दारावर 'फेअर' अशी पाटी आणि आत शिरणारं अख्खं कुटुंब. लाल फुली होतीच. खाली आईने लिहिलं होतं: "म्हणतो, कुठेतरी गेले एवढं कळलं, कुठे ते नाही कळलं."