अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय महिला पायलट कोण होती?

बेसी कोलमन. शिकागोत सलूनमध्ये गिऱ्हाइकांची नखं नीट करून द्यायचं काम करायची, आणि डोक्यात एकच, विमान चालवायचं. पण अमेरिकेत एकही फ्लाइंग स्कूल तिला घेईना, कारण काळी आणि त्यात बाई, मग काय केलं तर सरळ फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि जून १९२१ मध्ये लायसन्स घेऊनच परत आली! केवढी जिद्द बघा. नंतर हवाई कसरतींचे शो करायची. टेक्सासमधल्या एका शोला काळ्या-गोऱ्यांना वेगवेगळं गेट ठेवणार होते, तर म्हणाली गेट एकच पाहिजे नाहीतर मी उडणार नाही. मला तर हेच तिचं सगळ्यात मोठं काम वाटतं. १९२६ मध्ये विमानातून पडून गेली, फक्त ३४ वर्षांची होती. पुढे कृष्णवर्णीय पायलट दरवर्षी शिकागोत तिच्या कबरीवर विमानातून फुलं टाकायला लागले.