"रिपेअर कशाला मॅडम, नवीनच झडप टाका की"

मिरजेत मुलांच्या हार्ट ऑपरेशनआधी पालकांशी बोलायचं काम करते मी. झडपेचं ऑपरेशन ठरलं की बऱ्याच घरांतनं एकच काळजी असते, रिपेअर केलेली झडप टिकणार का, त्यापेक्षा नवीनच का नको.

तासगावकडचं एक जोडपं आलं होतं. मुलगी ४ वर्षांची. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांना छातीत वेगळा आवाज ऐकू आला, टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली तर वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आणि डावीकडच्या झडपेला जन्मतःच चीर, त्यातनं रक्त मागं लीक होत होतं. वडील बोअरच्या मोटरी रिवाइंड करतात. म्हणाले, "रिवाइंड केलेली मोटर नव्यागत चालत न्हाई मॅडम, रोज बघतोय मी. पैशाचं बघू कायतरी, पण नवीनच टाका."

पोरीसाठी चांगलंच मागत होता माणूस. म्हणलं, दादा, मोटर वाढत नाही, पोरगी वाढते. आत्ता बसेल ती झडप ती मोठी झाल्यावर लहान पडणार, म्हणजे परत ऑपरेशन. शिवाय मेटलची टाकली तर रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, जन्मभर, आणि डोस ठरवायला सारखी आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची टेस्ट, पुढं गरोदरपणात तीच गोळी पोटातल्या बाळाला धोक्याची. जनावराच्या टिश्यूची टाकली तर लहान मुलांत त्यात कॅल्शियम साठून ती लवकर कडक होते. स्वतःची झडप मात्र तिच्याबरोबर वाढते, म्हणून जमत असेल तर सर्जन रिपेअरच करतात, खर्च वाचवायला नाही.

आईनं तेवढ्यात विचारलं, "आन परत लीक झालं तर?"

होऊ शकतं ताई, काही मुलांना पुढं दुसरं ऑपरेशन लागतं. हे मी कधीच लपवत नाही, कारण एकदा केलं की झालं असं समजून गेलेले पालक फॉलोअपला येत नाहीत आणि लीक वाढलेलं कळतच नाही. पण चीर शिवून, भोकाला पॅच लावून झाला की ऑपरेशनसाठी थांबवलेलं हृदय परत चालू करतात आणि टेबलावरच अन्ननलिकेतनं इको करून लीक बघतात, जास्त वाटलं तर तिथंच पुन्हा दुरुस्त करतात. हे ऐकल्यावर वडील जरा मोकळे झाले, "म्हंजे चालवून बघूनच बंद करत्यात."

ऑपरेशन झालं, थोडं लीक राहिलंय, इकोला वेळेवर येतात, पोरगी शाळेत पळते.

घरी जाताना मी दोन गोष्टी सगळ्यांनाच बजावते. छातीचं हाड जुळायला ६ ते ८ आठवडे लागतात, तोवर मुलाला बगलेत धरून उचलायचं नाही, एक हात पाठीला, एक ढुंगणाखाली. आणि दात किडू द्यायचे नाहीत, तिथले जंतू रक्तातनं झडपेवर जाऊन बसतात, त्यामुळं दाताच्या डॉक्टरकडं गेलात की खुर्चीत बसवायच्या आधीच हार्टच्या ऑपरेशनची फाईल दाखवा.